डोन्या एमेचं लाल फडकं

बोलणाऱ्याच्या डोळ्यांकडे ती बघायची नाही. ओठांकडे बघायची.

विनोद झाला की सगळ्यांच्या मागून हसायची आणि सगळ्यांच्या मागून थांबायची.

क्रशरच्या केबिनमध्ये शिरताना चपला बाहेर काढायची. लोखंडी जमिनीवर तळपाय सपाट टेकवून बसायची. कडाक्याच्या थंडीतही.

वाळू कशी पडली हे चिमूटभर दातांखाली धरून सांगायची. मग थुंकायची. "माती आहे," म्हणायची, नाहीतर "ठीक." तिसरं काही म्हणायची नाही.

बियरचा पहिला घोट जमिनीला द्यायची, दुसरा यंत्राला. स्वतः नुसते ओठ ओले करायची आणि बाटली पुढे सरकवायची.

रोज संध्याकाळी गोटे वाहून नेणाऱ्या पट्ट्यावरून एक काळा गोटा उचलून घागऱ्याच्या खिशात टाकायची. एकच. कबुतराच्या अंड्याहून मोठा निघाला तर परत ठेवायची.

आणि क्रशरच्या जबड्यात उतरायची वेळ आली की आधी विजेचा मोठा दांडा खाली ओढायची. जुन्या घागऱ्याच्या लाल फडक्यानं तो खालच्या कडीला बांधायची. दोन गाठी मारायची. दुसरी गाठ दातांनी आवळायची.

एमेतेरिया युक्रा. आम्ही मानानं डोन्या एमे म्हणायचो. वय बावन्न.

सिपे सिपेच्या खालच्या अंगाला, नदीच्या रुंद कोरड्या पात्रात बास्कोपेंचा क्रशर आहे. वरून नदीतले गोटे टाकायचे, खालून खडी आणि बारीक कच घ्यायची. कोचाबांबा शहरात गेल्या वीस वर्षांत जे मजले चढले, त्यांतले कितीतरी तिच्या तळपायांखालून गेले. ती स्वतः मातीच्या विटांच्या दोन खोल्यांत राहायची.

तिची आई याच पात्रात बसून हातानं खडी फोडायची. सातव्या वर्षी हिच्याही हातात हातोडी आली. फाटक्या टायरचं कापलेलं कडं असायचं. त्यात गोटा धरून फोडायचा, म्हणजे कपच्या डोळ्यात उडत नाहीत. थोड्याच उडतात. आईचा उजवा डोळा त्या थोड्यांतल्या एकीनं गेला.

एमे तिशीत असताना थोरल्या बास्कोपेंनी पहिला जबडा आणला. दोन जाड पोलादी पाट्या. एक जागच्या जागी, दुसरी पुढेमागे होणारी. वर रुंद, खाली चिंचोळं. गोटा वरून पडतो, चावला जातो, खाली सरकतो, पुन्हा चावला जातो. चाळीस बायकांचं महिन्याचं काम त्यानं पहिल्या दिवशी दुपारपर्यंत उरकलं. बायकांनी त्याच्यावर दगड फेकले.

"त्यानं तेही फोडले," असं डोन्या एमे सांगायची आणि हसायची.

दुसऱ्या दिवशी ती एकटी फाटकाशी जाऊन उभी राहिली आणि काम मागितलं. पात्रातल्या बायका तिला जबड्याची बायको म्हणू लागल्या. तिच्या आईच्या मयतालाही त्यांच्यातली एक आली नाही. नवरा तेव्हा होता. त्या नावाची लाज वाटून तो सोडून गेला, असं लोक सांगतात. ती म्हणायची, "तो जाणारच होता. नुसतं कारण मिळत नव्हतं त्याला." पदरात पाच वर्षांची मुलगी होती, विल्मा. ती आता साओ पाउलोत शिवणाच्या कारखान्यात आहे.

आधी झाडू. मग पट्ट्यावरच्या काटक्या वेचणं. मग ग्रीस भरणं. कामाच्या सहाव्या वर्षी एका सोमवारी ऑपरेटर इतका पिऊन आला की त्याला केबिनची शिडी चढता येईना. गाड्या खोळंबलेल्या. ती चपला काढून वर गेली आणि खुर्चीत बसली. तेव्हापासून ती खुर्ची तिची. आमच्या भागात एवढ्या वर्षांत क्रशरच्या खुर्चीत दुसरी बाई बसलेली मला माहीत नाही.

फडक्याचा नियम तिचाच. नेमेसिओ नावाचा कामगार जबड्यात अडकलेला गोटा काढत असताना कुणीतरी दांडा वर केला. कुणी केला ते अजून ठरलेलं नाही. त्याचा हात मनगटापासून गेला. दुसऱ्या दिवशी एमेनं घागरा फाडला आणि नियम घातला. आत उतरणाऱ्यानं दांडा बांधायचा. ज्यानं बांधलं त्यानंच सोडायचा. बारा-तेरा वर्षं सगळ्यांनी तो पाळला.

मग धाकटे बास्कोपे मालक झाले, डॉन एर्नान. त्यांनी भोंगा बसवला. सुरू करण्याआधी तीनदा वाजवायचा, वीसपर्यंत मोजायचं, मग बटण. "आता चिंध्या नकोत," ते म्हणाले. हळूहळू सगळ्यांनी सोडलं. ती एकटी बांधत राहिली.

लोडर चालवणारा गुमेर्सिंदो तिला डिवचायचा. "डोन्या एमे, यंत्र आज बाहेर बसलंय का?"

ती त्याच्या ओठांकडे बघायची, मग म्हणायची, "दुसरं फडकं ठेवलंय रे गुमे. तुझ्या तोंडात कोंबायला."

मी तिथे तीन वर्षांपूर्वी आलो. विद्यापीठातून साहित्याची पदवी घेतली होती. शाळांमध्ये अर्ज टाकले. शेवटी पट्ट्यावर काटक्या, मुळं आणि मातीची ढेकळं वेचायला उभा राहिलो. पहिल्याच दिवशी गुमेनं विचारलं, "काय शिकवतात रे तिथं?"

"कविता," मी म्हणालो.

त्यानं ओल्या मातीचं ढेकूळ माझ्या हातात ठेवलं. "ही घे. वाचून दाखव."

तेव्हापासून मी पंडित. माझं नाव अदेमार. ते फक्त ती घ्यायची. तेही अर्धंच, अदे.

दुसऱ्या महिन्यात एकदा पट्ट्यावरून मोठा गोटा उसळला. ती पाठमोरी उभी होती. मी जिवाच्या आकांतानं ओरडलो. चार हातांवर होती. वळली नाही. गोटा खांद्याला लागून गेला. मग तिनं वळून आधी गोट्याकडे पाहिलं आणि नंतर माझ्या तोंडाकडे. ते अजून उघडंच होतं.

संध्याकाळी फाटकाबाहेर तिनं मला गाठलं.

"कळलं ना तुला?"

"काय?"

"वेड घेऊन पेडगावला जाऊ नकोस. तोंडावर लिहिलंय तुझ्या."

"किती दिवस झाले, डोन्या एमे?"

"डाव्याला आठ वर्षं. उजव्यात थोडं होतं, ते मागच्या सणात गेलं." तिनं कानावर टिचकी मारली. "खडी भरलीय. तू कुणाला सांगितलंस तर तुला पट्ट्यावर आडवा घालीन. शपथ घे."

मी घेतली.

"आईची घे. पदवीची नको."

मी आईची घेतली.

विल्मा रविवारी आवाजी निरोप पाठवायची. आईला ऐकू येत नाही हे तिलाही ठाऊक नव्हतं. डोन्या एमे फोन माझ्या हातात द्यायची. मी ऐकून कागदावर लिहायचो, ती बोट ठेवून वाचायची. तिसरी शिकली होती. एखाद्या शब्दाशी थांबून विचारायची, "हे रडत म्हणाली की हसत?" मी सांगायचो. कधी खोटं सांगायचो. मग ती मला मका आणि चीज खायला घालायची आणि अंगणात कामाला लागायची.

अंगणाचं सांगायला हवं. पावसाळ्यात तिच्या दाराशी घोटाभर चिखल व्हायचा. तो बुजवायला ती गोट्यांची फरसबंदी करत होती. आमच्याकडे जुन्या घरांतून असते तशी, काळे गोटे आणि मधून मधून मेंढीच्या गुडघ्याची पांढरी हाडं, उभी रोवून. बाजारातून गोटे आणले असते तर आठवड्यात झालं असतं. तिला ते जबड्याच्या तोंडातून काढलेलेच हवे होते. रोज एक. "इतके घातले त्याच्या घशात," म्हणायची, "एखादा माझा." मी आलो तेव्हा अर्ध्याहून जास्त झालं होतं. दारापासून सुरू करून ती रस्त्याकडे सरकत होती.

गेल्या नोव्हेंबरात नवं यंत्र आलं. वाळू करण्याचं. नदीची वाळू काढायला बंदी आल्यापासून सगळ्यांनाच ते हवं होतं. त्यात खडी वरून पडते, आतलं चाक ती गरगर फेकतं आणि दगडावर दगड आपटून वाळू होते. चिनी बनावटीचं. हिरवं, पिंपासारखं, वेगळ्या पायावर बसवलेलं, खाली रबराचे ठोकळे.

ती चपला काढून त्याच्यासमोर उभी राहिली. बराच वेळ.

"हिच्यात काहीच नाही," म्हणाली.

"काय नाही?"

"पायाला काही लागत नाही रे. जुनं बोलतं. भूक लागली तर वेगळं, आडवा गोटा बसला तर वेगळं, बेअरिंग तापलं तर टाचेत गुदगुल्या. ही मुकी आहे."

ते मुकं नव्हतं. बिघाड झाला की पिपाणीसारखं वाजायचं. एक दिवाही होता, पण उन्हात दिसत नव्हता. मालकांनी सांगून टाकलं होतं की दोन्ही यंत्रांना मिळून एकच ऑपरेटर राहील. केबिनही एकच. उरलेल्यानं पट्ट्यावर जायचं नाहीतर घरी. गुमेला ती खुर्ची हवी होती. आणि कार्निव्हलनंतरच्या गुरुवारी शहरातून डॉक्टर येणार होता. डोळे, छाती, कान.

"पट्ट्यावर गेलात तर काय झालं?" मी एकदा विचारलं. "मी आहेच की."

ती म्हणाली, "पात्रातल्या म्हाताऱ्या अजून जिवंत आहेत. त्या फाटकाशी येऊन बसतील बघायला."

मग आम्ही तयारीला लागलो. नव्या यंत्राचं पुस्तक मी वाचून सांगायचो, ती पाठ करायची. काटक्या वेचता वेचता मी पिपाणीकडे कान ठेवायचो. एकदा वाजली की टोपी काढायची, दोनदा वाजली की टोपी उलटी घालायची. ती केबिनमधून बघायची. दोन महिन्यांत तिनं ते यंत्र गुमेपेक्षा चांगलं हाताळलं. तो चिडून म्हणायचा, "म्हातारीला चेटूक येतं." मालक खूश होते.

राहिली कानाची परीक्षा. ती मी इंटरनेटवर पाहिली होती. कानाला टोप्या लावतात, आवाज सोडतात, ऐकू आला की हात वर करायचा.

"सोडतो कोण?" तिनं विचारलं.

"डॉक्टर. बटण दाबून."

"समोर बसून?"

"समोर नाहीतर बाजूला."

ती हसली. "बटण दाबताना माणसाचा खांदा हलतोच. नाहीतर पापणी. बस तिथं."

मी तिच्या अंगणात पाटावर बसलो, फोन मांडीआड धरला आणि बटण दाबत राहिलो. पहिल्या दिवशी दहापैकी चार. कार्निव्हलच्या रविवारी दहापैकी नऊ. मी हात न हलवता, श्वास रोखून दाबलं तरी नऊ.

"गुरुवारनंतर," ती म्हणाली, "मरेपर्यंत कुणी उठवत नाही मला." आणि त्या दिवशीचा काळा गोटा तिनं हातोडीनं ठोकून बसवला.

मंगळवारी चाय्या. त्या दिवशी आमच्याकडे घर, गाडी, दुकान, हत्यार, सगळ्यांना दारू पाजतात. रंगीत कागदाच्या फिती गुंडाळतात, फुलांच्या पाकळ्या उधळतात, धरतीमायला धूप जाळतात. क्रशरवर सकाळी दहापर्यंत काम आणि मग सण. दर वर्षी सुरुवात जुन्या जबड्यापासून व्हायची. त्याच्या उघड्या तोंडात ती स्वतः बियर ओतायची. त्यासाठी तोंड साफ लागायचं. घशात गोटा असताना पाजलं तर वर्षभर तो गोटा उतरत नाही, असं ती मानायची.

या वर्षी मालकांनी नव्या यंत्रापाशी मांडव घातला होता. चार महिने आम्ही त्यावर हात बसवत होतो. रीतसर उद्घाटन त्या दिवशी होतं. शहरातून पाहुणे आले होते. बँड होता. पुचेरोचं मोठं पातेलं चढलं होतं, मेंढीच्या मटणात टाकलेल्या पीचचा वास सगळ्या पात्रात पसरला होता. आधी नव्या यंत्राचं, जुन्याचं नंतर, असं ठरलं. ते तिला कुणी सांगितलं नाही. सांगितलं असेल तर पाठीमागून.

दहाला काम थांबलं. मी पट्टा झाडत होतो. ती समोरून गेली.

"घागरा बदलून येते," म्हणाली. "तू तोंड धू. मालकाच्या पाहुण्यांना भूत वाटशील."

ते शेवटचं. अनवाणी पायांनी केबिनकडे गेली. हातात कपड्यांचं गाठोडं होतं. तिथून तिला खाली जबड्यात तळाशी अडकलेला गोटा दिसला असणार.

मालकीणबाई फितींची टोपली घेऊन आल्या. मला म्हणाल्या, "पंडित, तुला जरा सौंदर्यदृष्टी असेल. तू विजेच्या पेटीचं बघ." पेटी मांडवाजवळच होती. जबड्याचं तोंड तिथून तीस-चाळीस पावलांवर, गोटे ओतायच्या हॉपरच्या मागे. दिसत नाही. मी गेलो तेव्हा पेटीवर आधीच बऱ्याच फिती होत्या, त्यांनीच बांधलेल्या. लाल, पिवळ्या, हिरव्या. दांडा खाली होता. दांडा आणि कडी यांच्यामध्ये फिती गुंडाळणं सोपं जातं, म्हणून सगळ्यात जास्त तिथंच होत्या. मी वर आणखी एक लाल गुंडाळली. फूल काढलं. दोन पावलं मागे येऊन पाहिलं. चांगलं दिसत होतं.

साडेअकराला धूप जाळला. नव्या यंत्राच्या पायाशी खड्डा केला होता. त्यात लामाचा वाळलेला गर्भ, साखरेच्या गोळ्या, कोकाची पानं आणि लोकर ठेवून बुजवलं. सगळ्यांनी त्यावर दारू ओतली. मी आजूबाजूला पाहिलं.

"डोन्या एमे कुठं आहे?"

"नटतेय," गुमे म्हणाला. "नवऱ्याचा सण आहे ना आज."

सगळे हसले. मीही हसलो.

डॉन एर्नानना शहरातल्यासारखी फीत कापायची होती. मालकीणबाईंनी ताटात कात्री आणली. ते पेटीसमोर उभे राहिले आणि दांड्यावरच्या सगळ्या फिती एका मुठीत धरून त्यांनी कात्री लावली. कात्री अडली. त्यांनी पुन्हा दाबली. "काय बांधलंय एवढं!" असं म्हणून त्यांनी कात्री करवतीसारखी चालवली. कुणीतरी फोटो काढला. मी तीन हातांवर होतो. कात्री अडलेली मी पाहिली. कागदाला कात्री अडत नाही. हे मला आता कळतं.

फिती तुटल्या. दांडा वर गेला. टाळ्या.

गुमेनं भोंगा वाजवला. तीनदा, नियमाप्रमाणे. आत दुसरं कुणीही असतं तर पहिल्याच भोंग्याला पहार टाकून वर आलं असतं. मग आम्ही सगळ्यांनी मिळून मोठ्यानं मोजलं. बँडवाल्यांनी प्रत्येक आकड्याला झांज वाजवली. मीही मोजत होतो. वीसला डॉन एर्नाननी बटण दाबलं.

सगळी यंत्रं एकाच रांगेत सुरू होतात. आधी नवं, मग पट्टे, शेवटी जबडा. जबड्याचं जड चाक आळशी असतं. वेग घ्यायला त्याला चार सेकंद लागतात. पण त्याआधी पट्टे सुरू होतात आणि त्यांची थरथर लोखंडातून जबड्यापर्यंत पोहोचते. ती अनवाणी होती. तिला पायांतून कळलं असणार. चार सेकंद आधी कळलं असणार. मोकळ्या बाईला वर चढायला आठ लागतात.

रिकामा जबडा पोकळ वाजतो. त्या दिवशी पहिल्या काही फेऱ्या पोकळ नव्हत्या.

गुमेनं बाटली खाली ठेवली. त्याचा कान चांगला आहे. "आत काहीतरी आहे," म्हणाला. मग धावला. मी धावलो नाही. मी पेटीखाली पाहिलं. कागदाच्या तुकड्यांत लाल फडकं पडलं होतं, मधोमध कापलेलं. दुसरी गाठ तशीच होती.

तिला बाहेर काढायला दुपारचे तीन वाजले. ते मी लिहिणार नाही. पुचेरो उतरवला नव्हता. तो तळाला लागला आणि जळल्याचा वास आला, तेव्हा कुणीतरी जाऊन चूल विझवली.

चौकशीला शहरातून एक इन्स्पेक्टर आला. डॉन एर्नाननी त्याला भोंगा वाजवून दाखवला. खाली पात्रातल्या बायकांनीही मान वर केली.

"तीनदा वाजवला?" त्यानं विचारलं.

"तीनदा," सगळे म्हणाले.

"वीसपर्यंत मोजलं?"

"बँडसकट."

"मग ती बाहेर का नाही आली?"

तो माझ्याकडे वळला. मी पदवीधर आहे हे कुणीतरी सांगितलं असावं.

"तुमची ओळख होती म्हणे. तिला भोंगा ऐकू न येण्याचं काही कारण?"

डॉन एर्नान माझ्याकडे बघत होते. मी आईची शपथ घेतली होती. खरं सांगितलं तर बहिरी बाई खोटं बोलून खुर्चीत बसली असं लिहिलं जाईल, असंही वाटलं. तिची खुर्ची वाचवतोय, असंच मला त्या क्षणी वाटत होतं. ती मेली होती आणि मी तिची खुर्ची वाचवत होतो.

"माहीत नाही," मी म्हणालो.

फडक्याचं मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात मालक म्हणाले, "सणाचा दिवस होता, साहेब. सगळ्यांनीच घेतली होती." इन्स्पेक्टरनं मान हलवली आणि लिहून घेतलं. मयत दारूच्या अंमलाखाली यंत्रात उतरली. काम दहालाच संपलं होतं, म्हणून कामावर असताना मृत्यू असं धरलं नाही. विल्माला तेवढंच कळवलं गेलं. तिचा एक निरोप आला. तो मी ऐकला. लिहायला कागद घेतला आणि मग लक्षात आलं.

फडक्याचे दोन तुकडे मी खिशात घातले होते. अजून माझ्याकडेच आहेत. कुणी मागितले नाहीत.

आठवड्यानं क्रशर सुरू झाला. नव्या यंत्राची वाळू पहिल्यापासून झकास पडू लागली. माणसं कुजबुजायची. एकदा जेवणाच्या सुट्टीत गुमे उघडच म्हणाला, "नवीन यंत्र आहे. मागणारच."

"लामाचा गर्भ पुरला होता ना?" कुणीतरी विचारलं.

"लहान पडला," गुमे म्हणाला आणि बटाटा सोलू लागला. "आता बघ, दहा वर्षं बेअरिंग जाणार नाही."

त्यात दुष्टपणा नव्हता. तो तिच्यासाठी तीन दिवस रडला होता. खुर्चीत बसायला त्यानं नकार दिला. भोंगा त्यानं वाजवला होता आणि ती ऐकूनही आली नाही, म्हणजे तिला बोलावणं वरून होतं, अशी त्याची खात्री आहे. मी ती मोडू शकतो. मोडलेली नाही.

दोन्ही यंत्रं कुणाला येतात, असं मालकांनी विचारलं. पिपाणी, दिवा, पुस्तक, सगळं येणारा एकच उरला होता. त्या खुर्चीत आता मी बसतो. बूट घालून. गुरुवारचा डॉक्टर सणामुळे पुढे ढकलला गेला होता, तो नंतर आला. त्यानं माझ्या कानांना टोप्या लावल्या. मी त्याच्या खांद्याकडे बघत राहिलो. बटण दाबताना तो खरंच हलतो.

पात्रातल्या दोन म्हाताऱ्या एकदा फाटकाशी आल्या होत्या. थोडा वेळ बसल्या. केबिनकडे बघून म्हणाल्या, "पुरुष आहे की." उठून गेल्या.

काल तिच्या घरी गेलो. किल्ली विल्मा येईपर्यंत माझ्याकडे आहे. ती येईल की नाही माहीत नाही. अंगणात दोन खुंट्या आहेत, त्यांच्यामध्ये ओळीसाठी ताणलेली सुतळी. सुतळीच्या अलीकडे दारापर्यंत काळे गोटे आणि पांढरी हाडं. सुतळीलगतची ओळ अर्धीच झाली आहे. शेवटचा गोटा कार्निव्हलच्या सोमवारचा, अजून सैल आहे, बोटानं हलतो. पलीकडे रस्त्यापर्यंत चार हात उघडी माती. खुंटीजवळ हातोडी आणि धुऊन वाळत घातलेली सात हाडं.